हैबतीचं लायसन

हैबती गेनबा ढेबे मरून सोळा वर्षं झाली होती, आणि त्याचं ट्रक चालवायचं लायसन मात्र दर तीन वर्षांनी नवं होत होतं. यात जादूटोणा काही नव्हता. घरात दोन भाऊ, थोरला हैबती आणि धाकटा कुंडलिक. दोघं एकाच साच्यातून काढलेले. थोरला गेला, धाकट्यानं त्याचं लायसनचं पुस्तक उचललं. गुंजवण्याच्या वरच्या वाडीतल्या माणसांना त्यात वावगं काही वाटलं नाही. बाप गेला की सातबारा पोरांच्या नावावर चढतो, थोरला गेला की त्याचं घोंगडं धाकटा पांघरतो, मग लायसनानंच काय घोडं मारलंय? सरकारला यात काय वाटतं, हे विचारायला वाडीतून कोणी गेलं नाही.

हैबती गेला तो एक्याण्णवच्या श्रावणात, काविळीनं. पाऊस असा की चार दिवस वाडीची वाट सुटली नव्हती. घोंगड्याची झोळी करून त्याला खाली नेलं, तर मार्गासनीच्या अलीकडेच झोळी जड झाली. बायको भामाबाई वीस-एकवीस वर्षांची, पदरात वर्षाची स्वप्नाली. कुंडलिक तेव्हा हैबतीच्याच गाडीवर किन्नर होता. पुसायचं, पाणी ओतायचं, चाकामागं दगड लावायचा. गाडी चालवायला भावानंच शिकवलेलं, पण लायसन काढायचं तर शाळेचा दाखला पाहिजे, आणि कुंडलिक शाळेत गेलाच नव्हता. घरात एक पोरगा गुरांमागं लागतो, एक शाळेत जातो. हैबतीच्या वाट्याला तिसरी आली, कुंडलिकच्या वाट्याला म्हशी आल्या.

तेरावा झाला आणि ग्रामसेवक मयताची नोंद करायला वाडीवर आला. दोन्ही भावांची आई फुलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "माजा हैबती गाडीवं गेलाय." ग्रामसेवक पावसात आणखी चार घरं विचारत फिरायला कंटाळला होता. तो परत फिरला. म्हातारी हे दुःखानं बोलली की धोरणानं, ते तिचं तिलाच ठाऊक. पण त्या रात्रीपासून तिनं कुंडलिकला चुलीपुढं बसवलं, ताटात राख पसरली आणि जुन्या पुस्तकातली हैबतीची सही बोटानं गिरवायला लावली. महिनाभरात हात बसला. कुंडलिकला लिहिता येणारी जन्मातली अक्षरं ती एवढीच.

जुना मालक गाडी विकून मोकळा झाला होता. भोरच्या मन्सूरशेठला ड्रायव्हर हवा होता. "नाव काय?" त्यानं विचारलं. कुंडलिकनं पुस्तक पुढं केलं. तेव्हापासून कापूरहोळच्या धाब्यावर, मार्केटयार्डात, वरंध्याच्या घाटाखाली महाडच्या अड्ड्यावर तो हैबती झाला. वाडीत चढला की कुंडलिक. सुरुवातीला कोणी "हैबती" म्हणून हाक मारली की ओ द्यायला दोन क्षण जात, मग जाईनात. पुढं पुढं तर वाडीत कोणी "कुंडलिक" म्हणून हाळी दिली, तरच तो दचके.

दर तीन वर्षांनी शिक्का बसून पुस्तक घरी आलं की फुलाबाई ते देवापुढं ठेवी, वर चिमूटभर साखर टाकी आणि म्हणे, "आला गं माजा हैबती, आनी तीन सालाचा हून." एवढं झालं की ती दिवसभर हसतमुख असे. भामाबाई पांढऱ्या कपाळानं ती साखर सगळ्यांना वाटी, आणि आपला वाटा पोरीच्या हातावर ठेवी.

कुंडलिकचं लग्न मात्र राहिलं. स्थळं आली होती. मुरुमाच्या वाडीच्या एका सोयऱ्यानं शहाणपणा केला. म्हणाला, पोरगा ड्रायव्हर हाय म्हंता, मंग लायसन दावा. बोलणी तिथंच उठली. पुढं पोरीचं शिक्षण, धरणात गेलेली भातखाचरं, आईचे गुडघे, असं करत केस पिकले आणि कोणी विचारायचंच बंद झालं.

हे सारं असंच चाललंही असतं. पण दोन हजार सात साल उजाडलं, आणि जूनच्या अकरा तारखेला लायसनाची मुदत संपत होती.

मे महिन्यात कुंडलिक भोरला मन्सूरशेठच्या पोराकडे, आसिफकडे गेला. आसिफ एस.टी. स्टँडसमोर गाळा घेऊन लायसन-परमिटाची कागदपत्रं करायचा. पोरगा सरळ, फॉर्म भरताना जीभ ओठात धरायचा.

"हैबतीकाका, यंदा पुस्तक नाही मिळायचं," तो म्हणाला. "कार्ड आलंय. तुम्हाला स्वतः पुण्याला यावं लागेल. तिथंच कॅमेऱ्यापुढं बसायचं, तिथंच काचेवर बोटं ठेवायची. एकदा ठसे मशीनमध्ये गेले की गेले. त्या नावावर दुसरं कुणी चालणार नाही, आणि त्या बोटांना दुसरं नाव चालणार नाही."

कुंडलिकनं बोटं टेबलाखाली घेतली. डिझेलनं काळी पडलेली, नखांच्या कडा चिरलेल्या. "आन् मानसानं नवंच काडायचं म्हनलं तर?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नवीन हेवी गाडीच्या लायसनला आता आठवी पास लागते, काका. यंदाच नियम आलाय. तुमचं जुनं आहे म्हणून सुटलात. जुनं नवं करताना कोणी शाळा विचारत नाही. फक्त डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि एक दिवस वर्गात बसायचं."

"वर्गात?"

"गाडी कशी चालवायची ते शिकवतात," आसिफ हसला. "सोळा वर्षं चालवलीत, आता शिका."

डॉक्टरनं रक्तदाब घेतला, गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, एक डोळा झाकून भिंतीवरचे आकडे वाचायला लावले. कुंडलिकला आकडे येत. दगडांवरचे किलोमीटर वाचत तो म्हातारा व्हायला लागला होता. डॉक्टरनं कागदावरचं वय बघितलं.

"अठ्ठेचाळीस? वयाच्या मानानं तब्येत छान राखलीत की हो."

कुंडलिक एकेचाळीसचा. तो हसला. मग शर्टाची बटणं लावताना त्याच्या ध्यानात आलं, की हैबती असता तर आज अठ्ठेचाळीसचा असता, त्याच्या कानावरचे केस पांढरे झाले असते. आजवर भाऊ त्याच्या मनात होता तो बत्तीस वर्षांचा, काळ्या मिशीचा. त्याला म्हातारा कल्पून बघायची वेळ कधी आली नव्हती. शेवटचं बटण चुकीच्या काजात गेलं आणि ते काढून पुन्हा लावावं लागलं.

सर्टिफिकेट खिशात घालून तो वाडीवर चढला, तर घरात दुसराच कागद त्याची वाट बघत होता.

स्वप्नाली बारावी पास झाली होती. दोन खोरी धुंडाळली तरी ढेब्यांच्या भावकीत बारावी झालेली पोर नव्हती. तिला नर्सिंगला जायचं होतं. धरणग्रस्तांच्या पोरांसाठी राखीव जागा होत्या, आणि या घराची खाचरं तर गुंजवणीच्या पाण्यात केव्हाच गेली होती. दाखलाही होता. पण तो हैबती गेनबा ढेबेच्या नावानं. जमीन गेली तेव्हा फुलाबाईनं थोरल्याचंच नाव सांगितलं होतं.

"नाना, म्या आज येल्ह्याच्या कचेरीत जाऊन आले," पोर चुलत्याला म्हणाली. शिकलेली असली तरी घरात आली की जीभ वाडीची व्हायची. "सायब म्हनले, दाखला माज्या नावावर करायचा तर आबांनी सोता यायचं. आयसंगं फोटू लावायचा, दोघांनी सह्या करायच्या. न्हाईतर आबा गेल्याचा दाखला द्यायचा. जुलैच्या आखरीपतूर."

"मंग त्यात काय येवडं?" फुलाबाई कोपऱ्यातून म्हणाली. गुडघ्याला तेल चोळत बसली होती. "कुंडलिक जाईल की. इतकी वरसं सही करतोया, आनी येक. भामे, तू जा संगं. फोटू काडून या नसरापुरास्नं."

भामाबाई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. तव्यावरच्या भाकरीचा वास घरभर झाला, तरी ती तशीच बसलेली.

"आये, ती वैनी हाय माजी," कुंडलिक म्हणाला.

"कागुद कुटं इचारतोय वैनी हाय का कोन हाय! पोरीचं कल्यान व्हतंय. दोन घटका बसलं फोटूला तर अंगाला भोकं पडत्यात व्हय?"

कुंडलिकनं "बगू" म्हटलं. आयुष्यभर तो बघूच म्हणत आला होता. खरं तर त्याला आईचा रागही येईना. तिचंही बरोबरच दिसत होतं. हैबती मेला म्हणून लिहून दिलं, तर गाडी गेली. अंगठाबहाद्दराला नवं लायसन नाही. आणि हैबती जिता ठेवायचा, तर त्याच्या बायकोशेजारी त्याच्या भावानं नवरा म्हणून बसायचं.

दोन दिवसांनी सकाळी फुलाबाईनंच सुनेला समोर बसवलं. डब्यातलं जुनं काळ्या मण्यांचं डोरलं काढलं आणि तिच्या गळ्यात बांधलं. करंडा उघडला. सोळा वर्षांचं कुंकू, पार दगड झालेलं. म्हातारीनं नखानं खरवडलं, पाण्यात कालवलं आणि स्वतःच्या हातानं कपाळाला लावलं. भामाबाईनं डोळे मिटून घेतले होते. कुंडलिक गोठ्याकडे निघून गेला आणि काम नसताना म्हशीच्या दाव्याची गाठ सोडून पुन्हा बांधत बसला.

एस.टी.त ती बायकांत बसली, तो दाराशी उभा. तिनं पदर भुवयांपर्यंत ओढला होता. बाहेर रस्त्याच्या कडेनं भाताच्या रोपांसाठी भाजलेले तरवे काळे पडलेले, पावसाची वाट बघत.

नसरापूरचा फोटोवाला बोलका होता. "पदर जरा मागं घ्या ताई, कपाळ दिसू दे. दादा, तुमी जवळ सरका. आणखी. अहो नवरा-बायको हायसा का इरोधी पार्टी?" तो आपल्याच विनोदावर हसला. कुंडलिक सरकला. खांद्याला खांदा लागला तसं भामाबाईचं अंग असं आकसलं, की जणू तिला बाकड्याच्या लाकडातच शिरायचं होतं. सोळा वर्षांत तिनं याला वाढलं होतं, तापात कपाळावर पाण्याच्या पट्ट्याही ठेवल्या होत्या, पण दीर म्हणून. लख्ख उजेड पडला. "झाला," फोटोवाला म्हणाला. "अर्ध्या तासानं न्या."

बाहेर आल्या आल्या ती समोरच्या नळाकडे गेली. कपाळ धुतलं. कुंकू जाईना तसं नळाखालची खरबरीत वाळू घेऊन घासलं. कुंडलिक लांब उभा राहून बघत होता. त्याला वाटलं तिला थांबवावं, पण कोणत्या तोंडानं? कपाळाची कातडी लाल झाली तेव्हा ती थांबली आणि पदरानं तोंड पुसत त्याच्याकडे आली.

"भावजी, येक इचारू का?"

"इचार की, वैनी."

"तुमी सासूबायचा ल्योक जगवलाव, घर जगवलंव. म्या नाव न्हाई ठेवत. पर माजा नवरा मेला न्हवं? माज्या मांडीवं डोस्कं व्हतं त्यांचं झोळीत. हात गार पडलेला म्या धरलाय. सोळा वरसं इधवेवानी ऱ्हाते, आन् दर तीन सालानं साकर वाटते." तिचा आवाज चढला नाही, नेहमीसारखाच राहिला. "त्यांला आता मरू द्या. येकदा कुटंतरी लिवून द्या मला, की ह्यो मानूस मेला."

कुंडलिक चिडून बोलला, कारण दुसरं काही सुचेना. "आन् मंग म्या काय करू? गाडी गेली तर खायचं काय समद्यांनी?"

"त्ये मला ठावं न्हाई. म्या रोजानं जाईन. म्या सांगत न्हाई तुमाला. इचारलं फकस्त."

तो फोटोवाल्याच्या पायरीवर बसला. समोरून हायवेकडे जाणाऱ्या गाड्या गिअर बदलत होत्या. नुसत्या आवाजावरून त्याला गाडी भरलेली की रिकामी ते कळे. स्टिअरिंगवर बसलं की त्याच्या पाठीला, पायांना, मनगटांना जो आराम वाटे तो जगात दुसरीकडे कुठंच वाटत नसे. इतर सगळीकडे तो कुणाचा तरी धाकटा होता. गाडीवर तेवढा तो मोठा होता. आणि ते मोठेपण या बाईच्या कपाळावर उभं होतं, हे त्याला आज दिसलं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं, असंही त्याला वाटून गेलं.

अर्धा तास झाला. फोटो न घेताच तो उठला. "चल, येल्ह्याची गाडी लागलीया," तो म्हणाला.

वेल्ह्याला तहसील कचेरीच्या आवारात रखमाजी नावाचा अर्ज लिहिणारा टाइपरायटर घेऊन बसलेला असे. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला.

"सोळा वर्षं नोंद का केली नाही?"

"अडानी मानसं," कुंडलिक म्हणाला. लायसनाचं इथं कोणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

कागद टाइप झाला. 'मी, कुंडलिक गेनबा ढेबे, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की माझा थोरला भाऊ हैबती' असं सुरू झालेलं रखमाजीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. कागदावर आपलं नाव कुंडलिकनं पहिल्यांदाच ऐकलं.

"करा सही," रखमाजीनं पेन दिलं.

त्यानं पेन धरलं आणि सवयीनं टोक 'है' काढायला कागदाजवळ गेलं. तो थांबला. पेन हवेत तसंच राहिलं.

"काय झालं? सही येत नाही?"

"येती," कुंडलिक म्हणाला. "भावाची येती."

रखमाजीला वाटलं गावंढा माणूस काहीतरी बरळतोय. त्यानं शाईचा पॅड पुढं सरकवला. कुंडलिकनं अंगठा शाईत टेकवला, मग कागदावर. हायवेवरची सोळा वर्षं तो सहीचा माणूस होता. चलनावर, मालाच्या बिलटीवर, टोलच्या भांडणातही झोकदार सही करायचा. अंगठ्याची शाई त्यानं डिझेलचे हात पुसायच्या सवयीनं मांडीवर पुसली, आणि चांगल्या पँटीवर डाग पडला.

दुसऱ्या दिवशी तो भोरला मन्सूरशेठकडे गेला. शेठ गोदामात भाताची पोती मोजून घेत होता. साठीचा माणूस, दाढी पांढरी, पायात फाटकी चप्पल. चार गाड्यांचा मालक असूनही चप्पल मात्र झिजेपर्यंत बदलत नसे.

"ये हैबती. कार्डाचं काय झालं? सोमवारी जातोयस ना पुण्याला?"

कुंडलिकनं गाडीची किल्ली पोत्यावर ठेवली. "शेट, म्या हैबती न्हाई."

मन्सूरला वाटलं थट्टा चाललीय. मग याचा चेहरा बघून त्यानं हमालांना बाहेर जायला सांगितलं. कुंडलिकनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काविळीपासून फोटोपर्यंत. सांगताना त्याची नजर पोत्यांच्या शिवणीवर होती.

शेठ म्हणाला, "मग सोळा वर्षं मी हाक कुणाला मारत होतो?"

कुंडलिक पोत्याच्या सुटलेल्या सुतळीला गाठ मारू लागला.

"माझी अम्मा जाताना शुद्धीत नव्हती. तरी विचारत होती, हैबती जेवला का? त्याची गाडी घाटात आहे का?" शेठच्या आईला, इमामबीला, जाऊन चार वर्षं झाली होती. त्या मयताला कुंडलिकनंही खांदा दिला होता. "तिलासुद्धा कधी सांगितलं नाहीस?"

"न्हाई, शेट."

"खंबाटकीत ब्रेक गेला असता, चार माणसं मेली असती, तर विमेवाल्यानं विचारलं असतं की चालवत कोण होतं. मेलेला माणूस? मी पोराबाळांसकट रस्त्यावर आलो असतो." मन्सूरनं दाराकडे बघून आवाज खाली आणला. "महिन्याभराची लबाडी असती तर शिव्या दिल्या असत्या तुला. सोळा वर्षांच्या शिव्या कुठून आणू?"

त्यानं किल्ली उचलून खिशात घातली. कुंडलिक निघाला, दारापर्यंत गेला, तेव्हा मागून आवाज आला. "कापूरहोळच्या गोदामावर माणूस हवाय. ताडपत्री बांधायला, पोती लावायला, फोन घ्यायला. गाडीवर बसायचं नाही. गाडी मागंपुढं घ्यायलासुद्धा नाही."

"व्हय, शेट."

"आणि नाव काय म्हणालास तुझं?"

त्यानं सांगितलं. मन्सूरनं मान हलवली, पण ते नाव काही त्याच्या तोंडून त्या दिवशी बाहेर पडलं नाही.

पोलीस पाटलाचा जबाब झाला, ग्रामसेवकाचा कागद झाला, साहेबाचा हुकूम झाला. जुलैच्या मध्याला स्वप्नाली मृत्यूचा दाखला घेऊन वाडीवर आली. पावसानं चिंब झालेली, दाखला मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा. फुलाबाईला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळायचं राहिलं नव्हतं. अकरा जून गेली, लायसन देवापुढं आलं नाही.

"वाच," ती नातीला म्हणाली.

पोरीनं वाचलं. मयताचं नाव. बापाचं नाव. मृत्यूची तारीख. एक्याण्णव साल म्हणताना तिचा आवाज अडखळला. जो बाप तिला बघितलेला आठवतही नव्हता, त्याच्याविषयी एवढं लांबलचक तिनं पहिल्यांदाच वाचलं होतं.

फुलाबाईनं ऐकून घेतलं. मग धाकट्या लेकाकडे बघितलं. "तुज्या हातनं मारलास त्येला," ती म्हणाली. "देवानं येकदा मारला, तू दुसऱ्यांदा मारलास."

भामाबाई बोलायला गेली तर कुंडलिकनं हातानंच नको म्हटलं. म्हातारी भिंतीला धरून उठली. लांबच्या मयताची खबर उशिरा कानी आली तर अंगावरून पाणी घ्यायची रीत आहे. ती पागोळीखाली पावसात गेली आणि लुगड्यासकट उभी राहिली. तिथं उभ्या उभ्या तिनं हंबरडा फोडला. सोळा वर्षं आत कोंडलेला तो आवाज वाडीतल्या साऱ्या घरांनी ऐकला. बायका घोंगड्या डोक्यावर घेऊन पळत आल्या. कोण गेलं, कोण गेलं, म्हणून विचारू लागल्या. आणि भामाबाई, जी त्या श्रावणात तेरावं होईपर्यंतच काय ती रडू शकली होती, ती सासूच्या कमरेला मिठी मारून तिच्याइतक्याच मोठ्यानं रडायला लागली. स्वप्नालीनं दाखला पिशवीत परत घातला आणि पिशवीचं तोंड घट्ट आवळून धरलं.

पोरीचं नर्सिंगला झालं. पुण्याला गेली. भामाबाई भातलावणीला रोजानं जाऊ लागली आणि कुंडलिक कापूरहोळच्या गोदामावर राहू लागला.

आता त्याच्या गाडीवर नवा ड्रायव्हर होता. दहावी झालेला, कानात वायरी घालून चालवायचा. कुंडलिक ताडपत्री ओढी, दोर आवळी, गाठ मारी आणि गाडीच्या अंगावर दोनदा थाप मारून म्हणे, जाऊ द्या. गाडी निघाली की उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई. अजून काही दिवस असं होत राहील, असं तो स्वतःला समजावी. संध्याकाळी गुडघे ठणकत. गाडीवर ते कधी ठणकले नव्हते.

भाद्रपदातली गोष्ट. दुपारी गोदामातला फोन वाजला. महाडहून सावळाराम बोलत होता. अड्ड्यावरचा हमालांचा मुकादम, म्हातारा माणूस. कुंडलिकनं आवाज ओळखला आणि जीभ दाताखाली धरली.

"शेठचं गोदाम का? मी सावळाराम बोलतोय. हैबती कुठाय आमचा? तीन महिने झाले, घाट उतरला न्हाई. पोरगा नवीनच येतोय गाडीवर."

कुंडलिक रिसीव्हर धरून उभा राहिला. बाहेर हायवेवर गाड्या चालल्या होत्या.

"हैबती वारला," तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं विचारलं, "कधी?"

"सरावनात."

"काय झालं रे?"

"कावीळ."

"अरे देवा." म्हातारा रडत होता, हे फोनवरही कळत होतं. "माझी सून अडली होती. अमावस्येची रात, महाडात पाणी शिरलेलं, घाटात दरड कोसळलेली. कोणी गाडी घालीना. हैबतीनं तिला केबिनमधी घेतली, घाट चढवून भोरच्या दवाखान्यात नेली. पोरगा आता सातवीत हाय. ते पोर माझ्या हैबतीच्या पाया पडायचं, देव म्हणायचं त्याला. असला माणूस..."

कुंडलिकला ती रात्र आठवत होती. दरडीच्या कडेनं चाक घालताना आपण मोठ्यानं काय बोलत होतो, तेही आठवत होतं. हैबती, सांबाळ. तेवढंच घाटभर बोलत होता.

"तू कोण बोलतोस बाबा? आवाज त्याच्यावानीच हाय."

"म्या धाकला भाऊ त्येचा. कुंडलिक."

"कुंडलिक," म्हाताऱ्यानं ते नाव तोंडात घोळवलं. "भाऊ हाय म्हणून कधी बोलला न्हाई बघ. येवढी वर्षं बसला-उठला आमच्यात, पण तुझं नाव कधी निघालं न्हाई त्याच्या तोंडून."

"न्हाई निगालं," कुंडलिक म्हणाला.

"आईला सांभाळ. त्याची बायको हाय ना? तिला सांभाळ."

"व्हय."

फोन ठेवला आणि तो तिथंच पोत्यावर बसला. एक्याण्णवच्या श्रावणात भाऊ गेला तेव्हा तो धड रडलाही नव्हता. तेराव्याच्या रात्रीच राखेत सही गिरवायला बसला होता. आता त्याला रडू आलं आणि आवरेना. थोरल्यासाठी रडत होता की जो घाट उतरायचा त्याच्यासाठी, हे त्याला कळेना, आणि कोणी विचारलं असतं तर सांगताही आलं नसतं. बाहेर गाडी भरून उभी होती. नव्या ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला आणि हाक मारली, "ओ कुंडलिकमामा, ताडपत्री बांधायची राहिली की!" त्याला वाटलं तो दुसऱ्याच कोणाला हाक मारतोय, म्हणून तो काही वेळ उठलाच नाही.